औंढ्याचा लेझर आणि उद्याचा क्वांटम कॉम्प्युटर

परभणीकर मित्रांनो, क्वांटम कॉम्प्युटर म्हटलं की अमेरिका नाहीतर चीन आठवतो. पण त्यातलं एक तंत्र आपल्या शेजारच्या हिंगोली जिल्ह्याशी जोडलेलं आहे. हा जिल्हा १९९९ पर्यंत परभणीतच होता. तिथे औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया वेधशाळा होणार आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्राने तिला २,६०० कोटी रुपये मंजूर केले. त्याच महिन्यात सुमारे ६,००० कोटींचं राष्ट्रीय क्वांटम मिशनही मंजूर झालं. बातम्या दोन, पण धागा एकच: प्रकाश.

दोघांत साम्य काय?

लायगोत चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांमध्ये लेझर सोडून गुरुत्वीय लहरी टिपतात. अडचण अशी की प्रकाशातच क्वांटम पातळीची थरथर असते. उपाय म्हणजे 'स्क्वीझ्ड लाइट'. फुगा एका बाजूने दाबला की दुसरीकडे फुगतो ना? तसंच. मोजमापात आड येणारी थरथर कमी करायची, दुसरीकडची वाढू द्यायची. अमेरिकेतल्या लायगोत हे २०१९ पासून वापरतात.

कॅनडाच्या झनाडू कंपनीने असाच प्रकाश वापरून २०२२ मध्ये 'बोरिअॅलिस' हा क्वांटम कॉम्प्युटर दाखवला.

प्रकाशच का?

फोटॉनना बाहेरचा त्रास कमी होतो आणि ते फायबरमधून सहज जातात. सुपरकंडक्टिंग चिपसारखं सगळं यंत्र शून्याखाली सुमारे २७३ अंशांपर्यंत थंड करावं लागत नाही. पण वाटेत फोटॉन हरवला की त्यातली माहितीही गेली. शिवाय उत्तम डिटेक्टरना थंडावा लागतोच. म्हणूनच हा कॉम्प्युटर अजून रोजच्या वापरात आलेला नाही. 'क्वांटम' नावाने कुणी ॲप किंवा गुंतवणूक विकायला आलं, तर सावध राहा.

आपल्याला काय मिळणार?

मिशनचं लक्ष्य आठ वर्षांत ५० ते १,००० क्युबिटचे कॉम्प्युटर हे आहे, त्यात प्रकाशावर चालणारेही आले. वेधशाळा असो की कॉम्प्युटर, दोन्हीकडे लेझर, आरसे, व्हॅक्यूम आणि इलेक्ट्रॉनिक्स जाणणारे हात लागतात. खरा प्रश्न इथेच आहे. औंढ्यात आपली पोरं फक्त गेटवर उभी राहणार, की आत लेझर जुळवणार? बारावीनंतर फिजिक्स 'स्कोप नाही' म्हणून सोडत असाल, तर एकदा पुन्हा विचार करा. काम घराजवळ येतंय, तयारी मात्र आपल्यालाच करायची आहे.