ग्रामसभा गेली, बदल्यात काय मिळाले?

मा. संपादक यांस,

2014-15 च्या सुमारास राज्य सरकारने तालुक्याच्या ठिकाणच्या अनेक ग्रामपंचायतींच्या नगरपंचायती केल्या. आमचे गावही त्यात होते. 17 प्रभाग पडले, 17 नगरसेवक आले, मुख्याधिकारी आले. वाढत्या गावाला कचरा, पाणी, बांधकाम परवाने सांभाळणारी मोठी यंत्रणा हवीच होती, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्याच अधिसूचनेने आमची ग्रामसभा संपली आणि हे नुकसान कुणी मोजलेच नाही.

26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर. झेंडावंदनानंतर सभा भरली की मतदारयादीत नाव असलेला कुणीही उठून सरपंचांना विचारू शकत असे, गटाराचे बिल निघाले, गटार कुठे आहे? घरकुलाच्या यादीत अमक्याचे नाव कसे आले? ग्रामसेवकाला जमाखर्च मांडावा लागे. त्याआधी महिलांची वेगळी ग्रामसभा होई, चारचौघांत न बोलणाऱ्या बाया तिथे पाण्यावर आणि दारूवर तावातावाने बोलत. आता सर्वसाधारण सभा असते ती नगरसेवकांची. तिथे आम्हाला प्रश्न विचारण्याचा हक्क नाही. अर्ज द्या, पोच घ्या, नाहीतर माहिती अधिकारात विचारा.

राज्यघटनेने वॉर्ड समित्या सक्तीच्या केल्या, पण 3 लाख किंवा त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांत. म्हणजे खेड्याला ग्रामसभा, मोठ्या शहराला वॉर्ड समिती आणि मधल्या गावाला काहीच नाही. राज्यात 2009 मध्ये शहरांसाठी क्षेत्रसभेची तरतूद कायद्यात आली खरी. आमच्या गावात ती एकदाही भरलेली नाही.

ग्रामसभेला तरी कोण येत होते, असे विचारले जाते. मतदारांच्या 15 टक्के किंवा 100 यांपैकी जे कमी, तेवढी गणपूर्ती लागे आणि तीही न झाल्याने सभा तहकूब होत, हे मान्य. पण मतदान कमी झाले म्हणून निवडणूक कुणी रद्द करत नाही. शिवाय हिशेब चव्हाट्यावर मांडायचा आहे हे ठाऊक असलेला कारभारी खर्च करतानाच दबकून असतो.

म्हणून नगरपंचायतींत वर्षातून किमान दोनदा, ठरलेल्या तारखांना, मुख्याधिकाऱ्यांच्या उपस्थितीत प्रभागसभा सक्तीची करावी. प्रभागातल्या कामांची देयके तिथे वाचली जावीत आणि तिथल्या ठरावांना पुढच्या सर्वसाधारण सभेत उत्तर मिळावे. 1965 च्या नगरपरिषद अधिनियमात त्यासाठी लागेल ती दुरुस्ती आमच्या आमदारांनी येत्या अधिवेशनात मांडावी. नगरसेवकांना मात्र तोवर थांबण्याचे कारण नाही. त्यांनी मारुतीच्या पारावर बोलावले तरी आम्ही येऊ.

आपला,
नगरपंचायत हद्दीतील एक मतदार