चाचणीच्या गाडीची सही

आम्ही कापडवाले तागा उलगडून दोनदा पाहतो, पण दिग्रस-पुसदच्या बाजारासाठी गाडी घ्यायला गेलो की शोरूमवाल्याच्या कागदावर न वाचताच सही करतो. त्यात छापलेले असते : चाचणीत अपघात झाल्यास सर्व जबाबदारी ग्राहकाची.

जखमी वाटसरूला हा कागद बांधील नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने दावा न्यायाधिकरण विमा कंपनी, मालक व चालक यांना भरपाई द्यायला लावू शकते. नोंदणीत ज्याचे नाव तोच मालक, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार खटल्यात ठरविले. चाचणीची गाडी शोरूमच्या नावावर असेल, तर मालकाने हात झटकणे आम्हाला मान्य नाही. चालवणाराही सुटत नाही, हे खरेच. गाडीच्या मोडतोडीपुरती तर तीच सही आपल्या गळ्याशी येऊ शकते. बंधूंनो, लायसन्स खिशात ठेवा, विम्याचा कागद आधी मागा, आणि ती ओळ खोडल्याशिवाय चावी घेऊ नका.