शेगावात केस गळाले. ‘व्हायरस’ मथळ्याने पसरवला

जानेवारी २०२५ मध्ये बुलढाणा जिल्ह्याच्या शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड, हिंगणा या गावांत लोकांचे केस अचानक गळू लागले. आधी डोक्याला खाज, मग हातात केसांचे पुंजके आणि काही दिवसांत टक्कल. आरोग्य पथके गावात पोहोचली, पाण्याचे आणि त्वचेचे नमुने तपासणीला गेले, पुढे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे पथकही आले. पण तपासणी सुरू असतानाच मोबाइलवर निदान येऊन धडकले होते : ‘टक्कल व्हायरस’.

त्या वेळी विषाणू सापडल्याचे कोणत्याही प्रयोगशाळेने सांगितले नव्हते. शब्द आकर्षक होता, म्हणून तो मथळ्यात बसला. मथळा कसा लिहावा हा प्रश्न केवळ जास्त वाचक मिळवण्यापुरता नाही, हे या दोन शब्दांनी दाखवून दिले.

दोन शब्दांची किंमत

कोरोना अनुभवलेल्या माणसाला ‘व्हायरस’ म्हटले की संसर्ग आठवतो आणि संसर्ग म्हटले की तो चार हात लांब राहतो. या गावांतील तरुण-तरुणींच्या शिक्षणावर परिणाम झाल्याच्या, ठरलेली लग्ने मोडल्याच्या बातम्या नंतर आल्या. फेब्रुवारीत पद्मश्री डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रेशनच्या गव्हातील जादा सेलेनियमकडे बोट दाखवले. सेलेनियम हे मूलद्रव्य आहे. ते शिंकेतून पसरत नाही. पण तोवर घाबरवणारा शब्द घरोघरी पोहोचला होता.

मोबाइलवर मथळा एकटाच फिरतो

छापील पानावर मथळ्याखाली मजकूर असतो. नजर सहज खाली उतरते. व्हॉट्सअॅपवर दिसतो तो फोटो आणि मथळा. मजकूर उघडायला एक टिचकी लागते, पुढे पाठवायलाही एकच. त्यामुळे ‘आम्ही आत सगळे नीट लिहिले होते’ हा बचाव टिकत नाही. ज्याने आत पाहिलेच नाही, त्याच्यापुरती बातमी मथळ्यातच संपली.

लोणारचे उदाहरण

जून २०२० मध्ये लोणार सरोवराचे पाणी गुलाबी झाले. या विषयावर दोन तऱ्हांनी मथळा देता येतो. पहिला : ‘लोणारमध्ये घडला चमत्कार, कारण वाचून थक्क व्हाल!’ दुसरा : ‘लोणार सरोवर गुलाबी का झाले? खाऱ्या पाण्यातील सूक्ष्मजीव कारणीभूत’. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने क्षारप्रिय सूक्ष्मजीवांचेच कारण सांगितले होते.

पहिला मथळा कोणत्याही गावातील कोणत्याही घटनेला चिकटवता येतो. दुसरा फक्त लोणारचाच आहे. शाळेचा प्रकल्प करणारी मुलगी गुगलवर ‘थक्क व्हाल’ असे शोधत नाही. ‘लोणार सरोवर गुलाबी का’ असेच शोधते. म्हणजे प्रामाणिक मथळा शोधातही उपयोगी पडतो.

चांगल्या मथळ्यासाठी काय करावे?

• कामाचे शब्द आधी घ्यावेत. मोबाइलच्या पडद्यावर लांब मथळ्याचे शेपूट कापले जाते. साधारण आठ-दहा शब्दांत आशय यावा.

• ठिकाण नेमके द्यावे. काही गावांतील त्रासाला ‘बुलढाणा हादरले’ म्हटले की मलकापूर ते सिंदखेडराजा सगळा जिल्हा आजारी ठरतो.

• जेवढे सिद्ध झाले तेवढेच सांगावे. ‘शेगाव तालुक्यात अचानक केसगळती, कारणाचा शोध सुरू’ हा मथळा पहिल्या दिवशी खरा होता आणि आजही खोटा ठरत नाही.

• मथळ्यातील प्रश्नाचे उत्तर मजकुरात हवेच.

प्रश्नचिन्हाला मराठी पत्रकारितेत मान आहे. १८९७ मध्ये ‘केसरी’त ‘सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?’ हा अग्रलेख आला. प्रश्नातच लिहिणाऱ्याची भूमिका होती आणि ती घेण्यात जोखीमही होती. आजचे प्रश्नचिन्ह पुष्कळदा जबाबदारी झटकण्यासाठी येते. ‘हा आजार राज्यभर पसरणार?’ असे छापायचे आणि ‘आम्ही फक्त विचारले’ म्हणून मोकळे व्हायचे.

‘मग वाचणार कोण?’

तालुक्याच्या गावी छोटे न्यूज पोर्टल चालवणाऱ्याची अडचण खोटी नाही. जाहिरातीचे चार पैसे वाचकांच्या टिचक्यांवर मिळतात आणि सगळे मथळ्यातच सांगितले तर आत कोण येणार, ही त्याची भीती. पण मथळा ‘काय झाले’ सांगतो. ‘कसे झाले, आता काय करायचे’ हे आतच असते. केस गळणाऱ्या घरातील माणसाला ते हवेच असते. फसवून आत आणलेला वाचक दोन ओळींत परत फिरतो आणि पुढच्या वेळी त्या नावावर टिचकी मारत नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी वाचक मोजकेच असतात; तेच रोज परत यावे लागतात.

मथळा बदलता येतो

छापील अंक दुसऱ्या दिवशी रद्दीत जातो. ऑनलाइन मथळा मात्र वर्षांनंतरही शोधात वर येऊ शकतो. बोंडगावच्या मुलासाठी स्थळ पाहणारे कुटुंब गावाचे नाव टाकून शोधेल, तेव्हा त्यांच्यापुढे काय येईल, याचा विचार मथळा देणाऱ्याने करायला हवा. छापलेला शब्द मागे घेता येत नाही. ऑनलाइन मथळा मिनिटभरात दुरुस्त होतो, खाली दुरुस्तीची तारीखही देता येते. बातमी पहिल्यांदा देण्याची घाई जितकी असते, तितकीच तत्परता जुन्या मथळ्यातून ‘व्हायरस’ काढून टाकण्यातही दिसली पाहिजे.