कळ एकीकडे, दिवा दुसरीकडे

प्रोग्रामिंग शिकू पाहणाऱ्या मुलामुलींसाठी आम्ही यावेळी ‘लाँचपॅड’ निवडला आहे. आठ ओळी, प्रत्येक ओळीत आठ कळा. निघाला संगीतकारांसाठी, पण स्वतः आवाज काढत नाही. केवळ आकडे पाठवतो. तेव्हा घरातल्या वडीलधाऱ्यांनी गोंगाटाची धास्ती घेऊ नये!

जुन्या लाल-हिरव्या मॉडेलची वरची डावी कळ दाबली की संगणकाला १४४, ०, १२७ मिळतात. सोडली की १४४, ०, ०. दिवा मात्र लागत नाही. मुलांना वाटते, यंत्र बिघडले. बिघडलेले नसते, कळेचा आपल्याच दिव्याशी संबंध नाही, तो प्रोग्रामने जोडायचा. संगणकाकडून १४४, ०, ६० पाठवा, हिरवा लागेल. शेवटी १५ दिल्यास लाल, १२ दिल्यास विझेल. दुसरी ओळ ८ नव्हे, १६ पासून सुरू होते. ८ हा पहिल्या ओळीशेजारच्या गोल कळेचा क्रमांक. नव्या मॉडेलचे आकडे वेगळे, ते माहितीपुस्तिकेत पाहावेत.

पायथन येत असल्यास ‘मिडो’ हे मोफत साधन पुरते.

हे जमले की एक खेळ रचा: कळ दाबताच तिचा व वर-खाली, डाव्या-उजव्या शेजाऱ्यांचा दिवा उलटावा. काही दिवे लावून द्या नि सगळे विझवायला सांगा. चौसष्ट घरांत कुठूनही सुरुवात केली तरी उत्तर असतेच.