सहलीची वजाबाकी

परवा मुलाने मोबाईलवर एक तक्ता पाठवला. नाताळच्या सुट्टीत सगळ्यांना घेऊन राजस्थानला जायचे त्याच्या मनात आहे. आठ दिवस आणि सहा ठिकाणे! जयपूर, पुष्कर, जोधपूर, जैसलमेर, उदयपूर आणि माउंट अबू. रकाने आखलेले, प्रत्येक गोष्टीपुढे वेळ घातलेली. खाली लिहिले होते, ‘बाबा, नजर टाका. वेळ, पैसा आणि डोक्याचा ताप, तिन्ही वाचवलंय.’

मी मास्तर माणूस. कागद समोर आला की तपासायला बसतो. अंतरांची बेरीज केली तर ती बाराशे किलोमीटरच्या वर गेली. जैसलमेर ते उदयपूर जवळजवळ पाचशे किलोमीटर, आणि तक्त्यात त्यापुढे फक्त दोन शब्द, ‘दुपारी प्रवास’. त्याला लगेच फोन करून चार गोष्टी सुनावणार होतो, पण नंबर लावता लावता थांबलो. कारण असाच एक तक्ता पूर्वी मीही केला होता. ती वही अजून आमच्या माळ्यावर आहे.

गोष्ट मे 1989 ची. तेव्हा मी तालुक्याच्या शाळेत इतिहास-भूगोल शिकवत होतो. दोन वर्षे पैसे साठवून दक्षिण भारताची सहल ठरवली. मुलगा नऊ वर्षांचा, मुलगी पाच. रेल्वेचे वेळापत्रक विकत आणले, शंभर पानी वही घेतली आणि अकरा दिवसांत सात गावे बसवली. बंगळूर, म्हैसूर, उटी, मदुराई, रामेश्वरम, कन्याकुमारी, त्रिवेंद्रम. शिक्षकांच्या खोलीत ती वही हातोहात फिरली. मुख्याध्यापकसुद्धा म्हणाले, “गुरुजी, याला म्हणतात नियोजन!” माझी छाती फुगली.

प्रत्यक्षात काय झाले? मदुराईला आम्ही दुपारी एकला पोहोचलो. मीनाक्षीचे देऊळ दुपारी साडेबाराच्या सुमारास बंद होते आणि चारला उघडते. मी गाड्यांच्या वेळा पाहिल्या होत्या, देवळाची पाहिलीच नव्हती. चारला आमची पुढची बस होती. मग काय, भर उन्हात बाहेरून गोपुरे बघितली, मुलांना चारचार केळी खायला घातली आणि निघालो. रामेश्वरला जाताना पांबनचा रस्त्याचा पूल लागला. तो आदल्याच वर्षी, 1988 साली सुरू झाला होता. समुद्रावरून बस जाते हे मुलांना दाखवायचे म्हणून मी किती दिवस वाट पाहिली होती! मुले गाढ झोपली होती.

पण खरी चुटपुट आहे ती कन्याकुमारीची.

तिथले विवेकानंद स्मारक 1970 साली पुरे झाले. त्यामागे एकनाथ रानडे नावाचा आपला अमरावती जिल्ह्यातला माणूस होता, आणि त्यासाठी देशभरातल्या साध्या माणसांकडून रुपया रुपया गोळा केला होता. माझे सासरे खेड्यात पोस्टमास्तर. त्यांनीही एक रुपया दिला होता. ही तेव्हा शाळेत होती. समुद्रातल्या त्या खडकावर आपल्या अण्णांचा रुपया आहे, हे तिच्या मनात पक्के बसलेले. सात गावांच्या त्या सगळ्या यादीत तिची स्वतःची अशी एकच मागणी होती, ती म्हणजे तिथे जायची.

आम्ही किनाऱ्यावर पोहोचलो तेव्हा शेवटची बोट गेलेली होती. सकाळी सहाची त्रिवेंद्रमची बस, आणि बोटी सुरू होणार आठला.

“अहो, एक दिवस थांबू या ना,” ती म्हणाली.

मी वही उघडली. एक दिवस थांबले तर त्रिवेंद्रम जाणार, परतीचे आरक्षण जाणार, पैसेही जाणार. म्हटले, “पुढच्या वेळी नक्की.” ती काही बोलली नाही. काठावर उभी राहून थोडा वेळ खडकाकडे बघत राहिली आणि मग लॉजवर येऊन मुलांचे कपडे धुवायला बसली.

पुढची वेळ यायला जवळजवळ छत्तीस वर्षे लागली. मुलांची शिक्षणे, लग्ने, आईचे आजारपण... तुम्हाला सांगायला नकोच. तीन वर्षांपूर्वी माळा आवरताना ती वही सापडली. मी कौतुकाने उघडून दाखवायला गेलो, तर सौ. शांतपणे म्हणाली, “वही तुमची, सहलही तुमची. आम्ही सामानाबरोबर आलो होतो.”

हे वाक्य मला लागले. खरे होते म्हणूनच लागले.

त्यानंतर मी त्या वहीतला हिशेब पुन्हा तपासला. आपण म्हणतो, ‘एवढ्या लांब जातोच आहोत तर सगळेच बघून घेऊ. भाडे तर तेवढेच!’ वरवर हे पटते. पण भाडे तेवढेच राहत नाही. प्रत्येक नवे गाव म्हणजे स्टेशनपासून लॉजपर्यंत रिक्षा, परत लॉजपासून स्टेशनपर्यंत रिक्षा, हमाल, रस्त्यावरचे महागडे खाणे. तीन ठिकाणी आम्ही पूर्ण दिवसाचे भाडे भरून सहा-सात तास राहिलो होतो. अकरा दिवसांतले जागेपणाचे निम्म्याहून जास्त तास प्रवासात, रांगेत आणि सामान बांधण्यात गेले होते. म्हणजे वेळ वाचवायला केलेल्या सहलीत वेळच गेला. ताणाचे तर विचारूच नका. ज्या सहलीत एक बस चुकली की पुढच्या पाच गोष्टी कोसळतात, तिथे घरचा कर्ता सतत घड्याळ बघणार आणि बाकीचे त्याचे तोंड बघणार.

म्हणून माझे आता स्पष्ट मत झाले आहे. सहलीचे नियोजन ही बेरीज नव्हे, वजाबाकी आहे. काय बघायचे यापेक्षा काय सोडायचे हे आधी ठरवावे. आणि ते ठरवण्यापूर्वी येणाऱ्या प्रत्येकाला विचारावे, ‘तुला एकच गोष्ट बघायची असेल तर कोणती?’ ती गोष्ट आधी मांडावी, आणि तिच्या पाठीमागे एक रिकामा दिवस ठेवावा. बाकीचे उरलेल्या जागेत बसले तर बसले.

सौ.च्या त्या वाक्यानंतर आम्ही असेच केले. फेब्रुवारी 2025 मध्ये दोघेच फक्त कन्याकुमारीला गेलो. चार रात्री, एकच गाव. महिना मुद्दाम निवडला. जानेवारीच्या मध्यापर्यंत शबरीमलाच्या यात्रेकरूंची तिथे गर्दी असते, आणि मे महिन्यात आपण एकदा भाजून निघालोच होतो. रेल्वेचे आरक्षण आता साठ दिवस आधी उघडते (नोव्हेंबर 2024 पूर्वी ते एकशेवीस दिवस होते). पहिल्याच सकाळी तिकिटे काढली, त्यामुळे दोघांनाही खालचे बर्थ मिळाले. ज्येष्ठांची भाडेसवलत मार्च 2020 पासून बंद आहे, पण खालच्या बर्थसाठी ज्येष्ठांचा वेगळा कोटा असतो, तो फॉर्ममध्ये निवडायला विसरू नका. पुण्याहून थेट गाडी आहे, दीड दिवसाचा प्रवास. राहायला विवेकानंद केंद्राच्या आवारात साधी, स्वच्छ खोली घेतली. चार दिवसांत बॅग एकदाच उघडली आणि एकदाच भरली.

आणि गंमत बघा. दुसऱ्या दिवशी धक्क्यावर गेलो तर समुद्र खवळल्यामुळे बोटी बंद! 1989 साली मी डोक्याला हात लावला असता. आता आमच्याकडे उद्याचा दिवस होता, परवाचाही होता. आम्ही तिथेच बसून शहाळे प्यायलो. तिसऱ्या दिवशी बोट सुटली. हिचे गुडघे दुखतात, त्यामुळे पायऱ्या चढायला वेळ लागला, पण घाई कुणाला होती? शेजारच्या खडकावरचा तिरुवळ्ळुवरांचा 133 फुटी पुतळा आमच्या पहिल्या खेपेला नव्हता, तो 2000 साली उभा राहिला. दोन्ही खडकांना जोडणारा काचेचा पूल तर आम्ही जाण्यापूर्वी जेमतेम दोन महिने आधी सुरू झालेला. मी तिकडे बघून यायचे ठरवले. ही ध्यानमंडपात जाऊन बसली ती अर्धा तास उठली नाही. बाहेर आल्यावर दगडी भिंतीवर हात ठेवून म्हणाली, “यातला कुठला दगड अण्णांचा असेल हो?”

पूर्ण प्रवासाचा खर्च आमच्या अंदाजापेक्षा कमीच आला. पण त्या प्रश्नाची किंमत मी कशात मांडू?

सगळ्यांनी असेच करावे असे नाही. ज्यांना प्रवासी कंपनीबरोबर दहा ठिकाणे बघायला आवडतात त्यांनी जरूर बघावीत. माझी मेहुणी तशी जाते आणि आनंदात परत येते. पण ती स्वतः निवडून जाते, कुणाच्या वहीतून जात नाही.

असो. मुलाला शेवटी फोन केला. अंतरांचे काही बोललो नाही. एवढेच विचारले, “या तक्त्यात सूनबाईंची जागा कोणती? नातवाची कोणती?”

तो जरा वेळ गप्प होता. मग म्हणाला, “विचारतो, बाबा.”

काल नवा तक्ता आला. जोधपूर आणि जैसलमेर, दोनच गावे. एका दिवसापुढे काहीच लिहिलेले नाही.