गोठ्यातील ठेव

केरळातील वेंबनाड सरोवराच्या काठी, वैकमजवळ, वेचूर नावाचे गाव आहे. या गावाच्या नावाने ओळखली जाणारी गाय पुरती तीन फूटही उंच नसते. ती दिवसाकाठी दोन-तीन लिटर दूध देते. मात्र तिला चाराही थोडाच पुरतो आणि उष्ण, दमट हवा ती सहज सोसते. ज्या कुटुंबांना मोठ्या गाईचा खर्च झेपत नसे, त्यांच्या मुलाबाळांना तिच्यामुळे घरचे दूध मिळे.

पुढे दूध वाढविण्यासाठी विदेशी वळूंशी संकर सुरू झाला. हेतू चांगला होता व दूध वाढलेही. परंतु १९६१ च्या केरळ पशुधन सुधारणा कायद्याने परवान्यावाचून वळू बाळगण्यास मनाई झाली आणि गावोगावचे देशी वळू खच्ची करण्यात आले. गाय गोठ्यात राहिली, पण तिचा वंश चालविणारा वळू दुर्मिळ झाला.

१९८९ साली केरळ कृषी विद्यापीठाच्या प्राध्यापिका डॉ. सोसम्मा आयप यांनी विद्यार्थ्यांसह हिंडून उरलीसुरली जनावरे शोधली व त्रिशूरजवळील मण्णुत्ती येथे त्यांची जोपासना आरंभिली. २००० साली वेचूरला स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळाली. २०२२ साली डॉ. आयप यांचा पद्मश्री देऊन गौरव झाला.

अशा कार्यात केवळ संख्या वाढवून भागत नाही. जनावरे थोडी असली की ती एकमेकांची निकटची नातलग असतात. त्यांच्यातच पैदास होत राहिल्यास वासरे दुबळी निपजतात व गाई गाभण राहण्याचे प्रमाण घटते. म्हणून प्रत्येक वासराच्या मातापित्यांची नोंद ठेवावी लागते, वळू वेळोवेळी बदलावा लागतो व त्याचे रेत गोठवून जपावे लागते. सारा कळप एकाच ठिकाणी ठेवणेही धोक्याचे. एखाद्या साथीत सर्वस्व जाईल. काही जनावरे शेतकऱ्यांच्या गोठ्यांतच वाढली पाहिजेत.

वाचकहो, आपल्या दावणीला खिल्लार असो, डांगी असो वा आंध्रातील पुंगनूर, तिचे मोल केवळ दुधाच्या मापाने ठरवू नये. गाय फळवावयाची झाल्यास तिच्याच जातीच्या वळूचे रेत मिळेल काय, याची पशुवैद्यकीय दवाखान्यात आधी चौकशी करावी. वंशरक्षणाचा आरंभ आपल्या गोठ्यापासून होऊ शकतो.