वाईन द्राक्ष: आधी करार, मग कलम



रेड वाईनचं गिऱ्हाईक बाटलीवर दोन गोष्टी बघतं: वाण आणि भाग. ‘शिराझ, नाशिक’ वाचून पैसे मोजतं. म्हणून लगेच लागवडीला धावू नका.

शिराझला आपली उष्ण हवा मानवते. कॅबरने सोविन्यॉन उशिरा पिकतो, उन्हाच्या तडाख्यात सापडू शकतो. दोन्हींचा मणी बारीक, साल जाड, आत बिया. वायनरीनं पाठ फिरवली तर खायच्या द्राक्षाच्या बाजारात कुणी विचारत नाही. २००८ नंतरच्या मंदीत कित्येकांनी वाईनच्या बागा उपटल्या, हे विसरू नका.

आमचं मत स्पष्ट आहे: वाण, ब्रिक्स, दर, तोडणीची मुदत हे सगळं कागदावर घ्या, मगच कलम करा. सहीआधी करार ऑफिसात दाखवा.